साडेअठरा तासांची रात्र

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे बोटीवर खलाशी म्हणून गेली. कुणी पूर्व आफ्रिकेत राहिले, कुणी दक्षिण आफ्रिकेत. पुढची पिढी कुवेत, दुबई आणि सौदीला गेली. पण जायचा तो घरातला पुरुष. बायको, मुले आणि म्हातारे आई-वडील गावीच असायचे आणि पत्राची वाट पाहायचे. आता चित्र बदलले आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडच्या मोहल्ल्यांतून आज दीड-दोन वर्षांची मुलेही स्वतःचा पासपोर्ट घेऊन निघतात. म्हणून एक नवाच प्रश्न घरोघरी विचारला जातो. एवढ्या लहान मुलाला रात्रीच्या दहा तासांच्या विमानात न्यायचे तरी कसे?

दिवाळीच्या सुटीत आम्ही हा प्रवास केला. आम्ही दोघेही शिक्षक. आमचे लग्न लवकर झाले आणि लेकीचेही, त्यामुळे पन्नाशीच्या आतच आम्ही नाना-नानी झालो. जावई लंडनला नोकरीसाठी गेले तेव्हा नात पाच महिन्यांची होती. लेकीचा आणि तिचा व्हिसा होईपर्यंत नात वीस महिन्यांची झाली. घरात सगळे तिला छोटी म्हणतात. पंधरा महिने छोटीचा अब्बू मोबाइलमध्ये राहत होता. रोज इशानंतर फोन यायचा. ती काचेवर हात फिरवायची, तोंड लपवून ‘कुक’ करायची, आणि फोन बंद झाला की तो पालथा करून मागे बघायची, अब्बू कुठे गेला म्हणून. लेकीला एकटीने एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून आम्ही पोहोचवायला निघालो. विमानाची भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. पोर बापाकडे जाईल का?

तयारीची सुरुवात कागदपत्रांपासून झाली. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. फोटोत डोळे उघडे हवेत, मागची बाजू पांढरी हवी आणि कुणाचा हात दिसता कामा नये. हे काम फोटोग्राफरने पांढऱ्या चादरीवर छोटीला निजवून आणि स्वतः स्टुलावर चढून केले. तिकिटाचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मुलाला वेगळी जागा घ्यावी लागत नाही. ते मांडीवर बसते आणि भाडे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडते. दोन वर्षे पूर्ण झाली की पूर्ण सीट घ्यावी लागते. जाताना दोनच्या आत आणि येताना दोनच्या पुढे असे वय होत असेल, तर परतीची सीट आधीच घ्यावी.

पुढच्या भिंतीला अडकवायचा विमानातला पाळणा आम्ही आधीच मागून ठेवला होता. विमानतळावर कळले की छोटीची उंची त्यात मावणार नाही. हे पाळणे बहुधा दहा-अकरा किलो वजनापर्यंतच्या बाळासाठी असतात. वर्षाच्या आतल्या मुलाला त्यांचा उपयोग होतो, पण चालायला लागलेल्या मुलाला फारसा नाही. शिवाय विमान हलू लागले की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावे लागते. आईच्या पट्ट्यात अडकवायचा एक छोटा पट्टा विमानात देतात, तो त्याच्या कमरेला लावायचा. पाळणा नाही मिळाला, पण त्याच भिंतीसमोरची ओळ आम्हाला मिळाली. पायांपुढे हातभर मोकळी जमीन मिळाली आणि पुढच्या सीटला लाथा बसायची चिंता मिटली.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. “झोपेचं औषध द्या, लंडन येईपर्यंत उठणार नाही,” असे तर चौघांनी सांगितले. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र स्पष्ट नकार दिला. सर्दीच्या ज्या औषधांनी गुंगी येते, त्यांनी काही मुले उलट जास्त चिडतात आणि विमानात काही बिघडले तर धावायचे कुठे? त्यांनी फक्त तापाचे औषध आणि त्याचे वजनानुसार प्रमाण लिहून दिले.

हातातल्या पिशवीत काय घ्यावे याची यादी लेकीने केली होती: तासाला एक या हिशेबाने डायपर आणि वर दोन जास्त, छोटीचे दोन जोड कपडे, आमच्या तिघांसाठी एकेक सदरा (उलटी मुलाच्या कपड्यांवर कमी आणि मोठ्यांच्या अंगावर जास्त होते), मऊ भात, केळी, खजूर, नाचणीसत्त्व आणि झाकणाला चोच असलेला पाण्याचा पेला. सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असते, पण बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सवलत मिळते. वेगळे काढून दाखवावे म्हणजे वेळ जात नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. घरच्या तुपाची बरणी म्हसळ्यातच राहिली. हलाल जेवण तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवावे लागते, निदान एक दिवस आधी. मुलाचे जेवणही तसेच सांगून ठेवता येते.

या सगळ्यात लेकीने नानीची जुनी गोधडी कोंबली. पिशवी फुगली म्हणून आम्ही ती दोनदा बाहेर काढली आणि दोनदा तिने परत आत घातली.

जुहरची नमाज पढून म्हसळ्याहून निघालो. माणगावपर्यंत छोटी खिडकीतून गाई मोजत होती, म्हणजे प्रत्येक गाईला ‘एक’ म्हणत होती. पुढे महामार्गावर ती झोपली. रात्री साडेनऊला मुंबईच्या टर्मिनल दोनवर पोहोचलो. ही इमारत २०१४ साली सुरू झाली. आतल्या लांबच लांब भिंतीवर देशभरातल्या जुन्या कलावस्तू मांडल्या आहेत, कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती, मुखवटे. बहुतेक प्रवासी तिकडे न बघता पळतात. आम्हाला मात्र त्या भिंतीने दोन तास सांभाळले. लेकराची ढकलगाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण छोटीला आम्ही तीत बसवले नाही. जितके चालेल तितके चालू दिले. ज्याला दहा तास बांधून ठेवायचे आहे, त्याचे पाय आधी थकू द्यावेत. तासाच्या मधे पाच मिनिटे मैदानावर सोडले तर पुढचा तास शांत जातो, हे वर्गात आम्ही रोज पाहतो.

विमान रात्री दोनला सुटले. आम्ही सफरची दुआ पढलो. लेकीने ओढणी ओढून छोटीला पाजायला घेतले. याला कारण आहे. विमान चढताना आणि उतरताना आतल्या हवेचा दाब बदलतो. लहान मुलाच्या कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते. दाब सारखा झाला नाही की कान ठणकतो आणि ते सांगता न आल्याने मूल किंचाळते. गिळण्याने ती नळी उघडते. म्हणून अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा घोटघोट पाणी पाजावे. दाब सारखा झाला म्हणून हवा जमिनीवरच्यासारखी होते असेही नाही. वर गेल्यावर आतली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आम्ही सगळे रात्रभर कळसूबाईपेक्षा उंच डोंगरावर बसलेलो होतो, आणि हवा तिथल्याहून कितीतरी कोरडी होती. छोटीचे ओठ तासाभरात सुकले. पाणी मागण्याची वाट न पाहता पाजत राहायचे.

ती झोपली. अडीच ते साडेसहा, पूर्ण चार तास. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात मस्कत गेले, आखात गेले. लेकही झोपली. आम्ही आळीपाळीने मांडी दिली. वाटले, लोक उगीच घाबरवतात.

साडेसहाला छोटी उठली. गावी ती याच वेळी उठते. मशिदीपासून घरी परतणाऱ्या नानांची चप्पल वाजते आणि ती पायरीवर येऊन बसते. तिच्या शरीराचे घड्याळ म्हसळ्याचे होते आणि ते अगदी बरोबर चालले होते. पण विमानात दिवे बंद होते, खिडक्या बंद होत्या, शे-दोनशे माणसे गाढ झोपली होती.

पश्चिमेकडे जाणाऱ्या रात्रीच्या विमानाचे खरे गणित हे आहे आणि ते कुणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळला होता. लंडनमध्ये तो सातला उगवणार होता, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराला. मधली रात्र साडेअठरा तासांची. मोठी माणसे ती रात्र जेवण, सिनेमा आणि डुलक्या यांत वाटून घेतात. मुलाची झोप मात्र तिच्या नेहमीच्या वेळी पुरी होते. “रात्रीचं विमान घ्या, मूल झोपेल” हा सल्ला खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. मूल अर्धा प्रवास झोपते. उरलेला अर्धा त्याची सकाळ असते आणि बाकी सगळ्यांची मध्यरात्र. आपल्या हातातला खाऊ, खेळणी आणि ताकद या दुसऱ्या अर्ध्यासाठी राखून ठेवायची.

पहिला तास बरा गेला. भात खाल्ला, खजूर चोखला, पायांपुढच्या जागेत बसून वाटी-चमचा वाजवला. मग विमान हलू लागले. पट्टे बांधण्याची सूचना झाली आणि छोटीला लेकीच्या कमरेला जखडले. साडेसात वाजलेले. उजेड नाही, पायरी नाही, आणि आता उतरूही देत नाहीत. ती रडू लागली. खेळणे दाखवले, फेकले. दूध दिले, तोंड फिरवले. आवाज चढत गेला. चाळीस मिनिटे हे चालले.

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून बसले. “रात्रीची वेळ आहे, झोपवा की तिला,” असे ते इंग्रजीत म्हणाले. त्यांचेही चुकीचे नव्हते. कदाचित उतरल्याबरोबर त्यांना कामावर जायचे असेल. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. ती दबक्या आवाजात छोटीला दटावू लागली. अशा वेळी आई मुलावर रागावते ती मुलासाठी नाही, लोकांसाठी. आम्ही तिच्या हातावर हात ठेवला.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत एक प्रसिद्ध रिवायत आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण मागे एखादे मूल रडल्याचे कानी आले की नमाज आटोपशीर करत, कारण त्या रडण्याने आईचा जीव किती कासावीस होतो हे त्यांना ठाऊक होते. आईला मुलासकट बाहेर जायला सांगितले नाही. स्वतःची नमाज आखूड केली. ही रिवायत आम्ही किती वेळा ऐकली आणि ऐकवली आहे. तिचा अर्थ त्या रात्री रांगेच्या या बाजूला बसून कळला. रडणाऱ्या मुलाजवळ असणाऱ्याने मूल गप्प करण्याआधी आईचा भार कमी करायचा असतो.

पलीकडच्या बाजूच्या एका गुजराती आजींना हे सांगावे लागले नाही. त्यांनी पट्ट्यातूनच हात लांब करून लेकीला पाण्याची बाटली दिली. “बेटा, पहिले तू पाणी पी.” एवढेच त्या बोलल्या. लेक पाणी प्यायली, एक मोठा श्वास घेतला आणि तिला गोधडी आठवली. छोटीच्या डोक्यावरून आम्ही ती ओढली. गोधडीला आमच्या घराचा वास होता, चुलीच्या धुराचा आणि कपाटातल्या लवंगांचा. आतल्या अंधारात नानीने रोजचीच कोकणी अंगाई हळू गुणगुणली. रडणे एकदम थांबले नाही. आधी हुंदके झाले, मग हुंदक्यांत अंतर पडले, मग गोधडीखालून एक हात बाहेर आला आणि कुणाचे तरी बोट धरून राहिला.

महागडी खेळणी सोबत होती. दोन नवी चित्रांची पुस्तकेही होती. मूल नव्या वस्तूने रमते ते खुशीत असताना. घाबरलेले असते तेव्हा त्याला जुनी वस्तू लागते.

पट्ट्यांची खूण विझली तशी आम्ही छोटीला दोन सीटांच्या रांगांमधल्या वाटेत उतरवले. पुढे ती, मागे वाकलेले नाना. झोपलेल्यांचे बूट बघत, सापडलेला एकेक मोजा दाखवत तिने विमानाच्या किती फेऱ्या केल्या याचा हिशेब नाही. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांपाशी ती थांबली आणि त्यांना अर्धा चोखलेला खजूर देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही, पण हसले.

सकाळचे नऊ वाजले, आपले नऊ. खिडकीची फळी जराशी वर केली तर विमानाच्या शेपटीकडे, क्षितिजावर, तांबूस रेघ उमटली होती. फज्रची वेळ झाली होती. गावी पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत तास-सव्वा तास मिळतो. इथे आम्ही सूर्याच्या पुढे पळत होतो, म्हणून ती रेघ दोन तास तशीच राहिली. आळीपाळीने जागेवर बसून नमाज पढलो. एक गंमत लक्षात आली. म्हसळ्यात आपण पश्चिमेला तोंड करून उभे राहतो. लंडनमध्ये किब्ला आग्नेयेला आहे. एका रात्रीत काबा आमच्या समोरून पाठीमागे गेला होता. सजद्यासाठी वाकताना छोटी गळ्यात पडली, ती तशीच राहू दिली. रसूलुल्लाहनी नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केल्याची रिवायत आहेच.

उतरण्याच्या अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागते. कान जास्त दुखतात ते या वेळी. मूल तेव्हा झोपेत असेल तर गिळत नाही. म्हणून झोपलेल्या छोटीला जिवावर उदार होऊन जागे केले आणि लेकीने पाजायला घेतले. साडेसहाला हीथ्रोवर चाके टेकली. ७,२०० किलोमीटर मागे पडले होते आणि बाहेर अजून सूर्य उगवलेला नव्हता.

पासपोर्टच्या रांगेतून बाहेर आलो. जावई कठड्याला टेकून उभे होते, हातात लाल फुगा. लेकीने आदल्या दिवशीच त्यांना बजावले होते, एकदम उचलायचं नाही. पंधरा महिने वाट पाहिलेल्या बापाला हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. ते पाळले. चार हात दूर ते जमिनीवर बसले आणि तिचे नाव घेतले. आवाज ओळखीचा होता. छोटीने आधी त्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, मग परत फोनकडे. आणि वळून नानीच्या ओढणीत तोंड खुपसले. फुगा तिने घेतला, तोही नानांच्या हातून.

गाडीत मागच्या सीटवर मुलाची खुर्ची बसवलेली होती. तिकडे वय १२ वर्षे किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलाला अशा खुर्चीतच बसवावे लागते. ती खुर्ची जावयांनी दोन महिने आधी आणून ठेवली होती. तिच्यावरचे प्लास्टिक त्यांनी त्या सकाळी काढले होते.

पहिले दोन दिवस छोटी त्यांच्याजवळ गेली नाही. ते खोलीत आले की खेळ थांबायचा. जावई काही बोलत नसत, पण जेवताना त्यांचा घास ताटात रेंगाळायचा. लंडनची घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे सकाळी साडेसात होतात तेव्हा तिथे रात्रीचे दोन असतात. रोज रात्री दोनला छोटी टक्क जागी व्हायची. तिचे घड्याळ अजून म्हसळ्याचेच होते. दोन रात्री आम्ही जागलो. तिसऱ्या रात्री जावई म्हणाले, “अम्मी, तुम्ही दोघं झोपा. मी बसतो.” त्यांनी आठवड्याची रजा काढली होती.

आम्ही पडून राहिलो, झोप कुणाला येणार? भिंतीपलीकडे आधी छोटीची कुरकुर ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग वाटी-चमच्याचा आवाज. मग जावयांचा आवाज, हळू, ‘कुक’. शांतता. पुन्हा ‘कुक’. आणि मग तिचे ते खळखळून हसणे, जे आम्ही पंधरा महिने रोज इशानंतर ऐकत होतो. सकाळी पाहिले तर दोघेही बैठकीच्या गालिच्यावर झोपलेले, अंगावर नानीची गोधडी.

सगळे प्रवासी ज्या बदललेल्या झोपेला वैतागतात, तिनेच बाप-लेकीची गाठ घालून दिली. पुढे आठवडाभर सकाळच्या उन्हात छोटीला बागेत नेत राहिलो, संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडायचा तेव्हा घरातले सगळे दिवे लावत राहिलो, आणि तिचे घड्याळ हळूहळू लंडनचे झाले. त्या रात्रींची गरज तोवर संपली होती.

परतीच्या विमानात आम्ही दोघेच होतो. मांड्या रिकाम्या. गोधडी आणली नाही.

लहान मूल घेऊन निघणाऱ्या आया-बापांना आमचे एवढेच सांगणे. मुलाच्या खाण्याची, कानांची, झोपेची तयारी जरूर करा, पण पूर्ण दहा तास ते शांत राहील अशी अपेक्षा घेऊन चढू नका. ते रडेल तेव्हा त्याचे घड्याळ काय सांगते ते आधी बघा. लोकांकडे नंतर बघा. आणि ज्यांच्याबरोबर मूल नाही, त्यांना विनंती. शेजारच्या रांगेत एखादी आई रात्री तीनला रडके पोर घेऊन उभी असेल, तर तिला सल्ला देऊ नका. पाण्याची बाटली पुढे करा. मूल ही अल्लाहची अमानत आहे आणि दहा तासांच्या त्या बंद खोलीत ती थोडीशी सगळ्यांकडेच सोपवलेली असते.